तुपाचं औषध

आयुष्यभर मी लोकांच्या ताटातलं तूप काढलं. साखर काढली, लोणचं काढलं, रात्रीचा भात काढला. नांदेडमध्ये माझी ओळख 'उपाशी ठेवणाऱ्या मॅडम' अशी आहे आणि लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसायला आजही कुणी राजी नसतं. वाढपी जिलेबी घेऊन आला की शेजारची बाई आधी माझ्याकडे बघते, मग ताटावर हात आडवा धरते आणि मी हात धुवायला उठले की त्याला परत हाक मारते. मला हे सगळं ठाऊक आहे. आहारतज्ज्ञ बाईला पाठीलाही डोळे असतात.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मात्र मी अगदी उलटं काम केलं. लहान लेकरांना तेल पाजलं, तूप पाजलं, लोणी चाटवलं आणि वाटीला थेंबभर जरी चिकटून राहिलं तरी त्यांच्या आयांवर ओरडले. ओळखीचे लोक म्हणायचे, मॅडमचं डोकं फिरलं. दिवाळी अंकासाठी 'तुमच्या कामातलं काहीतरी गमतीचं लिहा' असा निरोप आला, तेव्हा मला हे तुपाचंच आठवलं. पण लिहायला बसल्यावर कळलं की यात गंमत थोडीच आहे. तेव्हा ज्यांना सणासुदीला हलकंफुलकं वाचायचं असेल त्यांनी पुढचं पान उलटावं, मी रागावणार नाही.

मी नांदेडच्या एका लहान मुलांच्या खाजगी दवाखान्यात होते. आमच्याकडे मेंदूच्या आजारांचे एक डॉक्टर होते आणि त्यांच्या दाराशी सगळ्यात जास्त गर्दी फिट येणाऱ्या मुलांची. आपल्याकडे कुणी त्याला मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी नुसतंच 'तसलं होतंय' म्हणतं. बहुतेक मुलं गोळ्यांनी बरी होतात, हे आधी स्पष्ट सांगते, नाहीतर हे वाचून कुणीतरी औषध बंद करायचं. गोळी वेळेवर घेतली की झटका येत नाही, मूल शाळेत जातं, मोठं होतं, आणि घरचे पुढे त्या आजाराचं नावही काढत नाहीत. पण काही लेकरं अशी असतात की एक औषध झालं, दुसरं झालं, मात्रा वाढवली, तरी झटके येतच राहतात. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशी देऊन हरली, की तिसऱ्यानं किंवा चौथ्यानं ते थांबतील ही आशा फार बारीक होत जाते. मग डॉक्टर गोळ्यांच्या पलीकडचं बोलायला लागतात.

आमचे डॉक्टर हे समजावताना घरातल्या विजेचं उदाहरण द्यायचे. एकाच खोलीतल्या एका वायरमुळे घरभर ठिणग्या उडत असतील, आणि ती वायर काढून घराचं फार बिघडणार नसेल, तर ती काढता येते. म्हणजे ऑपरेशन. पण सगळ्या घराचीच वायरिंग ठिणग्या टाकत असेल तर काढणार काय? मग उरतात ते दुसरे उपाय. छातीच्या कातडीखाली एक यंत्र बसवून मानेतल्या नसेला हलके हलके धक्के देत राहायचे. किंवा मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल कापायचा, म्हणजे झटका येईल पण मूल धाडकन पडणार नाही. किंवा मग आहार. आहार आला की माझं नाव यायचं.

लातूरकडच्या मुरुडचा एक तरणा शिंपी होता, लहानपणापासून आमच्याकडे यायचा. त्याच्या मेंदूत एकाच जागी जुना डाग निघाला. हैदराबादला त्याचं ऑपरेशन झालं आणि झटके थांबले. तो दरवर्षी दाखवायला यायचा तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर अख्खी गर्दी त्याच्याकडे बघत बसायची. त्यालाही ते आवडायचं. केस बाजूला करून तो टाक्यांची खूण दाखवायचा. त्या बाकड्यावर मी पहिल्यांदा अनिताला बघितलं. मांडीवर चार वर्षांची आरू होती, आणि अनिता त्या शिंप्याच्या डोक्याकडे असं बघत होती, जणू ते डोकं तिला विकत मिळणार होतं.

आरूचं खरं नाव आराध्या. अहमदपूरजवळच्या एका गावातली ही मंडळी. घरची शेती होती, आणि आरूचा बाप व्यंकट अहमदपूरच्या बसस्थानकाजवळ मोटारसायकली दुरुस्त करायचा. घरात व्यंकटची आई होती, तिला सगळे गंगाकाकू म्हणत. आरूला दिवसातून कितीतरी वेळा झटका यायचा. कधी मान एकदम खाली पडायची, कधी उभं लेकरू दोर तुटल्यासारखं कोसळायचं. कपाळावर एका टेंगळावर दुसरं. अनितानं घागरीखाली डोक्यावर घेतात तसली चुंबळ कापडाची करून, तिला बंद लावून टोपी शिवली होती आणि आरू झोपेपर्यंत ती डोक्यावरून निघत नसे. लेकरू बोलत नव्हतं. मागत नव्हतं. भूक लागली तरी रडत नव्हतं. वेळ झाली की अनिता भरवायची.

"मॅडम, त्या पोराचं जसं कापून काढलं तसं आमच्या आरूचं बी काढा म्हणावं साहेबांना," ती मला म्हणाली. मी नुसती वजनाच्या काट्याशी उभी होते, पण पांढरा कोट दिसला की लोक सगळं सांगून टाकतात.

आरूच्या तपासण्या झाल्या. हैदराबादलाही दाखवून आले. आरूच्या मेंदूत ठिणग्या एका जागी नव्हत्याच, दोन्हीकडून, सगळीकडून उठत होत्या. काढण्यासारखी जागा नव्हती. पूल कापला तर पडणं कमी होईल म्हणाले, पण बाकीचं तसंच राहील. ते ऐकून गंगाकाकूंनी हात जोडले, "न्हाई बाप्पा, पडून फुटतंयच की, लेकराचं डोस्कं दोनदा कशाला फोडता?" यंत्राचं नाव काढल्यावर व्यंकटनं आधी किंमत विचारली. ते त्यांच्या ऐपतीच्या फार पलीकडचं होतं, आणि एवढं करून झटके पूर्ण थांबतील असं कुणी म्हणत नव्हतं. मग डॉक्टरांनी त्यांना माझ्या खोलीत पाठवलं.

माझ्या खोलीत एक काटा, एक शेगडी आणि तेलाचे डबे. लोकांना वाटायचं की इथं पेंड खाऊ घालतात की काय. बाहेरच्यांना साधं सांगायचं तर असं. आपलं शरीर भाकरी, भात, साखरेवर चालतं. ते सगळं जवळजवळ बंद करून नुसत्या तेला-तुपावर शरीर चालवलं, तर ते वेगळंच इंधन तयार करतं आणि काही मुलांचा मेंदू त्या इंधनावर शांत होतो. का होतो, हे मला डॉक्टरांनी अनेकदा समजावलं आणि मी अनेकदा मान हलवली. पण होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. सगळ्यांचा होत नाही. आणि हे घरगुती पथ्य नव्हे, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचं असतं. सुरुवातीला मुलाला दवाखान्यात ठेवावं लागतं. उलट्या होतात, पोट गच्च होतं, मूतखडा होऊ शकतो. आणि प्रत्येक घास तोलून द्यायचा. अंडं तोलायचं, पनीर तोलायचं, मेथीची पानंसुद्धा तोलायची. वर करडईचं तेल, लोणी, साय. भाकरी नाही, भात नाही, गूळ नाही, फळ नाही, बिस्कीट नाही. खोकल्याचं गोड औषधही नाही, कारण त्यात साखर असते. गावातल्या डॉक्टरांनी प्रेमानं दिलेल्या एका बाटलीनं सगळं पथ्य वाया जातं.

पथ्य पाळलं जातंय की नाही हे बघायला एक कागदी पट्टी असते. मुलाच्या लघवीत बुडवायची. पट्टी जांभळी झाली की शरीर तुपावर चाललंय. फिकी राहिली की कुठंतरी काहीतरी गोड पोटात गेलंय. घरचे खोटं बोलतील, पट्टी बोलत नाही. देगलूरकडचे एक आजोबा होते, त्यांच्या नातवाची पट्टी काही केल्या जांभळी होईना. मी सुनेला फैलावर घेतलं, मुलाला फैलावर घेतलं, दोघंही शपथा घेत होते. शेवटी आजोबांच्या बंडीच्या खिशातून खडीसाखर निघाली. मी विचारलं, "आजोबा, साखर देऊ नका म्हणून सांगितलं होतं ना?" ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "साखर कुठं दिली? परसाद दिला." देवाला नैवेद्य दाखवला की त्यातली साखर साखर राहत नाही, हा शोध आमच्या कुठल्या पुस्तकात नव्हता. मी तेव्हा खूप भांडले. आज ते आजोबा आठवले की हसू येतं आणि लगेच जातं.

अनितानं कधी असलं काही केलं नाही. ती बारावी झालेली होती, शहाणी होती. व्यंकटनं सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणून दिला आणि अनितानं तो देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवला. गंगाकाकूंची पहिल्या दिवशी माझ्याशी वाजली. "नुसतं तेल? लेकराला? आमच्यात जनावराला बी वैरण घालतेत मॅडम." मी म्हणाले, "काकू, हे जेवण नाही. हे औषध आहे. तुम्ही गोळी चवीनं खाता का?" त्या पुटपुटत गेल्या, पण नातीसमोर त्यांनी त्या दिवसापासून गूळ खाल्ला नाही. घरातली मंडळी चुलीपाशी पाठ फिरवून भाकरी खायची, आरूला दिसू नये म्हणून.

आठवड्यातून एकदा मी लातूरच्या शाखेत जायचे, एसटीनं. वाटेत अहमदपूरला गाडी थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरायचे. अनिता आरूला कडेवर घेऊन फलाटावर उभी असायची. तेवढ्याच वेळात माझा दवाखाना खिडकीतून चालायचा. ती डबा उघडून दाखवायची, मी वास घ्यायचे, बोट बुडवायचे, "लोणी कमी घातलंस," म्हणायचे. बाकीचे प्रवासी बघत राहायचे. एकदा शेजारच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "मुलगी का तुमची? लई जीव दिसतोय." मी नाही म्हणाले नाही. रोज सकाळी मोबाईलवर पट्टीचा फोटो यायचा. जांभळी. जांभळी. जांभळी. माझी मुलगी पुण्याहून 'गुड मॉर्निंग' पाठवते ते मी दुपारी बघायचे, पण पट्टी आधी बघायचे.

आणि गुण आला. एकदम नाही, पण आला. पडणं कमी झालं, मग आणखी कमी झालं, मग कधीतरी अनितानं भीत भीत ती चुंबळीची टोपी काढली. हिवाळ्याच्या तोंडाशी आरूचे झटके थांबले. थांबले म्हणताना आजही जीभ अडखळते. लेकरू डोळ्यांत डोळे घालून बघायला लागलं. शेळीला हाक मारायला लागलं. एक दिवस अहमदपूरला मी खिडकीत बसलेली, खालून पेरूवाला टोपली घेऊन गेला आणि आरूनं त्याच्याकडे बोट करून म्हटलं, "दे."

अनिता ओरडलीच. "मॅडम! मागून राहिली बगा! आयुष्यात पयल्यांदा मागून राहिली!" ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पेरूवाला बिचारा पेरू पुढे करून उभा. मी खिडकीतून हात आडवा केला. "मागू दे अनिता. मागतेय हे किती चांगलं आहे. पण द्यायचं नाही." पेरूवाल्यानं माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरले नाही. आरू रडली नाही. तिनं हात खाली केला आणि माझ्याकडे बघून पुन्हा म्हटलं, "दे." लातूरपासून नांदेडपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट मी सांगत सुटले. डॉक्टर कधी हसत नसत, तेसुद्धा हसले.

मग येळवस आली. आमच्याकडची वेळ अमावस्या बाहेरच्यांना सांगावी लागते. त्या दिवशी लातूर-नांदेडकडचं गाव रिकामं होतं, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि मग रानातच जेवायचं. ताकातली आंबील, पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ज्वारीची भाकरी, खीर. त्या दिवशी ओळखीचा असो नसो, वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. कुणी न जेवता गेलं तर शेतकऱ्याच्या मनाला लागतं. असल्या दिवशी एका लेकराला न जेवू घालता ठेवायचं होतं.

मला भीती होतीच. अनिताशी आधीच बोलून मी आरूसाठी वेगळी भज्जी ठरवून दिली होती, डाळी-वाटाणे न घालता, नुसता पाला आणि पनीर, भरपूर तेलात. दिसायला बाकीच्यांच्या भज्जीसारखीच. प्रसादाचं बजावलं. गंगाकाकूंना फोनवर घेतलं. "काळजी करू नगा मॅडम," त्या म्हणाल्या, "पांडवाला सांगते, ह्या लेकराचा निवद तुमीच खावा." येळवशीच्या सकाळी जांभळ्या पट्टीचा फोटो आला. त्यामागून छोटा व्हिडिओ. हिरव्या करडईत कोपीभोवती घरची माणसं पाणी शिंपत आरोळ्या देत फिरताहेत आणि त्यांच्या मागे आरू, डोक्यावर टोपी नाही, स्वतःच्या पायांनी चालतेय. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की माझ्या नवऱ्यानं विचारलं, "जेवायचं आहे की नाही आज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला नाही. मी दूध तापवताना मोबाईल बघत होते. बऱ्याच वेळानं आला. पट्टी पांढरट, पिवळसर. कोरी म्हणावी अशी. खाली एक शब्द नव्हता.

मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी व्यंकटचा आला. गाडीत होते. झटका सुरू झालेला थांबतच नव्हता. एक संपायच्या आत दुसरा. अहमदपूरला इंजेक्शन दिलं होतं, तरी चालूच होता, आणि ते नांदेडला निघाले होते.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा आरूला आत नेलेलं होतं. बाहेर गंगाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा राग कसा असतो ते आमच्या दवाखान्याला ठाऊक आहे. मी कुणाला काही न विचारता काकूंसमोर उभी राहिले. "दिलंत ना? शेवटी दिलंतच ना प्रसाद? किती वेळा सांगितलं होतं!" काकूंनी मान वर केली नाही. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

"त्यांनी न्हाई दिलं, मॅडम," मागून अनिता म्हणाली. "मी दिलं."

मी वळले. तिच्या केसांत अजून करडईची पानं होती. रानातून तशीच घरी, घरून तशीच गाडीत. ती भिंतीकडे बघत बोलत राहिली.

"तुमी सांगितलेली भज्जी तिला खाऊ घातली आधी. पोट भरून खाल्ली. समदी मंडळी उठली, मग मी बसले. माज्या ताटात भाकर व्हती, आंबील व्हती. ती आली, पुढ्यात मांडी घालून बसली. मोठ्या माणसावानी. आन् म्हणाली, मम्मी, मला भाकर दे." अनितानं ते तीनचार शब्द आरूच्याच आवाजात म्हटले. "दे न्हाई म्हणाली मॅडम. समदं म्हणाली. मम्मी, मला भाकर दे. माजं नाव घेऊन मागितलं. जलमल्यापासनं मी वाट बघून राहिले व्हते, कव्हा हे लेकरू मला काय तर मागंल. आन् मी न्हाई म्हणू? कसं म्हणायचं असतंय ते, सांगा. मी दिली. आंबिलीत कुस्करून दिली. आणिक दे म्हणाली, आणिक दिली."

मला वाटलं होतं, माझ्याकडे प्रत्येक बहाण्याला उत्तर आहे. परसाद, खडीसाखर, सासूचा हट्ट, गावचा डॉक्टर, सगळ्याला. पण हा बहाणा नव्हता. ते लेकरू मागायला लागलं ते आमच्या पथ्यामुळे. तेल पाजून पाजून आम्ही त्याचं डोकं जागं केलं, आणि जागं झाल्यावर त्यानं जे मागितलं तेच देता येत नव्हतं. मी खाली काकूंच्या शेजारी बसले. मघाशी ओरडले होते त्याबद्दल त्यांची माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला आणि अनिताही येऊन आमच्याशेजारी बसली.

आरू वाचली. झटके आटोक्यात यायला फार वेळ गेला. डॉक्टर नंतर म्हणाले की तिला सर्दी होती, अंग थोडं गरम होतं, त्यानंही झटका येऊ शकतो. काही मुलांत पथ्याचा गुण आपोआपही ओसरतो. भाकरीनंच झालं असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. हे मी अनिताला जाऊन सांगितलं, आणि मन लावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "ताप न्हवता मॅडम," ती म्हणाली. "भाकर व्हती."

पथ्य पुन्हा सुरू केलं. तोच काटा, तेच तेल. पट्टी पुन्हा जांभळी झाली. मला वाटलं, आता येईल गुण, एकदा आलाय तर पुन्हा येईल. रोज सकाळी फोटो यायचा, जांभळी, आणि खाली अनिता लिहायची, आज इतके झटके. पट्टी जांभळी आणि झटके चालू. हे मी आधी कधी बघितलं नव्हतं असं नाही, पण बघितलेलं असलं तरी काय. टोपी पुन्हा डोक्यावर चढली. शेळीला मारायची हाक गेली. 'दे' गेला. डोळ्यांत डोळे घालून बघणं गेलं. व्यंकट माझ्याकडे येऊन सारखा एकच विचारायचा, "ती मशीन बसवली तर बोलंल का हो?" मी त्याला डॉक्टरांकडे पाठवायचे, आणि डॉक्टर त्याला खरं तेच सांगायचे, की झटके कमी झाले तर होतील, बोलण्याचा शब्द देता येत नाही. मग तो परत माझ्या खोलीत यायचा आणि काट्याकडे बघत बसायचा.

उपयोग होत नसेल तर हे पथ्य मुलाच्या अंगावर लादत राहायचं नसतं. काही महिन्यांनी डॉक्टरांनी ते हळूहळू बंद करायला सांगितलं. नवं औषध सुरू केलं. त्याच सुमारास मी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी लोकांनी माझ्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं, आणि सत्कारात पेढ्यांचा खोका दिला. कुणीतरी म्हणालं, मॅडम, आज तरी खा. सगळे हसले, मीही हसले. मला त्या दिवशी नुसतं आरूचं नाव आठवत होतं. बरी झालेली मुलंही होती हो माझ्याकडे. झटके थांबून, पथ्य संपवून आज भाकरी खाणारी. त्यांची नावं मला मुद्दाम आठवावी लागतात.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या साखरपुड्याला लातूरला निघाले होते. एसटीनंच. अहमदपूरला गाडी थांबली. मी कुणाला कळवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मुद्दामच कळवलं नव्हतं, मला भेटायचं नव्हतं. पण व्यंकटचं दुकान तिथंच. त्यानं खिडकीत मला बघितलं असावं. अनिता त्या दिवशी दुकानावरच होती, आरूला कडेवर घेऊन फलाटावरून आली. लेकरू लांब झालं होतं, पाय अनिताच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. डोक्यावर चुंबळीची टोपी, नव्या कापडाची.

"बरे हाव का मॅडम?" तिनं विचारलं. सगळं विचारलं, माझ्या गुडघ्याचं, पुण्याच्या मुलीचं. मी आरूकडे बघत होते. ती माझ्या पलीकडे, गाडीच्या पत्र्याकडे बघत होती.

पेरूवाला आला. तोच होता की दुसरा, मला माहीत नाही. मी खिडकीतून हाक मारून त्याच्याकडून पेरू घेतला. टोपलीतला सगळ्यात पिकलेला, वास येणारा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या पेशंटला गोड काही देत होते. हात बाहेर काढून तो आरूच्या तळव्यात ठेवला आणि तिची बोटं वरून मिटली. बोटं उघडली. पेरू खाली पडला आणि गाडीच्या चाकापाशी जाऊन थांबला.

अनितानं वाकून तो उचलला, पदरानं पुसला आणि स्वतःजवळ ठेवला. कंडक्टर चढला, बेल वाजली. गाडी हलायला लागली तशी ती खिडकीबरोबर दोन पावलं चालली.

"आता समदं चालतंय मॅडम," ती म्हणाली. "भाकर चालती, गूळ चालतोय, पेरू चालतोय. ती मागतच न्हाई."